पक्की नोकरी सोडावी काय? वादकांच्या जगातला एक अवघड प्रश्न

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही वस्तीच्या वाचनालयात पुस्तकांची नोंदवही तपासत बसलो होतो. एक तरुण आला, जय भीम करून समोरच्या बाकावर बसला. सरकारी बँडपथकात तो क्लॅरिनेट वाजवतो. नोकरीला नऊ वर्षे झाली आहेत. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून त्याने खिशातून चारपदरी घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "काका, राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ की नको?"

पगाराची तक्रार नव्हती. वरिष्ठांचा जाचही नव्हता. "नऊ वर्षं त्याच चाली वाजवतोय. बाहेर शिकवायला बोलावतात, रेकॉर्डिंगला बोलावतात, पण ड्यूटीमुळे जाता येत नाही. बोटं चालतात, पण मी वाजवत नाही असं वाटतं," एवढेच तो म्हणाला. घरी विषय काढला तेव्हा वडिलांनी ताट बाजूला सारले. ते म्हणाले, "गावकीत दुसऱ्याच्या दारात वाजवावं लागत होतं, ते सोडून आपण इथं आलो. आता सरकार पगार देऊन वाजवायला सांगतंय, तर तू ते सोडून पुन्हा दारोदार फिरणार?"

वाचकहो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही कारकून माणूस. जमा आणि नावे हे दोन रकाने आम्हाला कळतात, सूर कळत नाहीत. म्हणून आम्ही त्याच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. जेथे वाद्य वाजवणे ही आपल्या कचेरीसारखी रीतसर पगारी नोकरी आहे, त्या देशांतल्या वादकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते शोधून काढायचे ठरवले. जे हाती लागले ते येथे मांडतो. नोकरी वादनाची असो की कारखान्यातली, हा प्रश्न पुष्कळ घरांत केव्हातरी येतोच.

ऑर्केस्ट्रा म्हणजे कोणता?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणपतीत किंवा जयंतीला मैदानात होणारा सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. युरोप-अमेरिकेतला सिंफनी ऑर्केस्ट्रा ही वेगळी गोष्ट आहे. तेथे ऐंशी-शंभर वादक एका वेळी बसतात. व्हायोलिन, व्हिओला, चेलो अशी तंतुवाद्ये पुढे, त्यामागे बासरी, क्लॅरिनेट यांसारखी फुंकवाद्ये, त्यांच्यामागे पितळी वाद्ये आणि सर्वांत शेवटी नगारे. समोर कंडक्टर छडी घेऊन उभा असतो. मुंबईकरांना हे पाहायचे असेल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे.

अशा वाद्यवृंदात जागा मिळवणे म्हणजे मोठी स्पर्धा परीक्षाच. एक जागा निघाली की ढिगाने अर्ज येतात. पुष्कळ ठिकाणी पहिल्या फेरीत उमेदवार पडद्याआड वाजवतो, कारण परीक्षकांना त्याचे तोंड, रंग, स्त्री की पुरुष हे काहीच कळू नये. कोठे कोठे तर जाजमही अंथरतात. बुटाच्या टाचेच्या आवाजावरून बाई आली हे ओळखू येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. निवड झाली की वर्ष-दोन वर्षे प्रोबेशन आणि मग कायम. मोठ्या वाद्यवृंदांत दरमहा पगार, रजा, आजारपणाची सोय, निवृत्तिवेतन सर्व काही मिळते. एकदा कायम झालेला वादक बहुधा म्हातारा होऊनच खुर्ची सोडतो.

पण या सुरक्षिततेची किंमतही द्यावी लागते. व्हायोलिनच्या रांगेत पंधरा माणसे असली तर पंधराही गज एकाच दिशेने वर जातात आणि एकाच दिशेने खाली येतात. कोठे हळू, कोठे जोरात, हे कंडक्टर ठरवतो. तुम्हाला ते पटो वा न पटो, तसेच वाजवायचे. वीस वर्षे असे वाजवले की काहींना त्यातच धन्यता वाटते, तर काहींची आमच्या त्या तरुणासारखी घुसमट होते.

ही सुरक्षितता कोणी ताटात वाढून दिलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत पूर्वी वादकांना फक्त हंगामापुरता पगार मिळे. हंगाम संपला की वादक दुसरे मिळेल ते काम शोधायचा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांना वर्षाच्या बावन्नही आठवड्यांचा करार मिळाला तो १९६४ साली. अमेरिकेतला तो तसा पहिलाच करार. त्यामागे वादकांची संघटना आणि वाटाघाटी होत्या. म्हणून कायम नोकरीला कोणी "गुलामगिरी" म्हणून नाक मुरडू लागला, तर ती मिळवण्यासाठी कोणाचे किती श्रम गेले, हे त्याने आधी वाचावे.

चौथ्या वर्गाचा डबा

आज जगात ज्याचे नाव सर्वांत वर घेतले जाते, त्या बर्लिन फिलहार्मोनिकचा जन्मच मुळी नोकरी सोडण्यातून झाला. बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्झे नावाच्या संचालकाचा वाद्यवृंद होता. १८८२ साली वॉर्सा येथे कार्यक्रम ठरला आणि बिल्झेने आपल्या वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने नेण्याचे ठरवले. चौथा वर्ग म्हणजे सर्वांत खालचा. चोपन्न वादकांनी नकार दिला, बिल्झेची चाकरी सोडली आणि स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. मालक कोणी नाही, वादकच सभासद. नवा वादक कोण घ्यावा हे मतदानाने ठरवण्याची प्रथा तेथे आजही आहे. मुख्य कंडक्टरही वादकच निवडतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. त्यांनी वादन सोडले नाही, अपमान सोडला. आणि एकटा कोणी बाहेर पडला नाही, चोपन्न जण एकत्र पडले. एकट्याने दिलेला राजीनामा साहेबाच्या टेबलावर पडून राहतो, चोपन्न जणांच्या राजीनाम्याचा इतिहास होतो.

सोळा वर्षे तयारी, मग राजीनामा

आमच्या तरुणाला सर्वांत उपयोगी पडेल अशी हकिगत ऑस्ट्रियातली आहे. निकोलाउस हार्नोंकूर हा चेलोवादक १९५२ साली व्हिएन्ना सिंफनी या वाद्यवृंदात नोकरीला लागला. घराणे जुने सरदारी, पण हा रोजचा पगारदार वादक. त्याला एक गोष्ट खटकत असे. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे संगीत सारेजण आजच्या वाद्यांवर, आजच्या पद्धतीने गुळगुळीत करून वाजवतात, त्या काळी ते असे वाजत नसणार, असे त्याचे म्हणणे. पण वाद्यवृंदाच्या मागल्या रांगेतल्या चेलोवादकाचे कोण ऐकणार?

त्याने नोकरी सोडली नाही. १९५३ साली पत्नी आलिस हिच्यासह आणि काही सहकाऱ्यांना घेऊन त्याने 'कॉन्सेन्टुस म्युझिकुस' ही छोटी मंडळी जमवली. आलिस स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवणारी. नोकरी सांभाळून ही मंडळी जुनी वाद्ये मिळवत, जुन्या पोथ्या तपासत आणि घरीच तालीम करत. पहिला जाहीर कार्यक्रम केव्हा केला? चार वर्षांनी, १९५७ साली! चार वर्षे टाळी नाही, बिदागी नाही, फक्त अभ्यास. पुढे ध्वनिमुद्रिका निघू लागल्या, नाव होऊ लागले, तरी नोकरी चालूच होती.

१९६९ साली मात्र त्याने राजीनामा दिला. मोत्सार्टची जी मायनर सिंफनी नेहमीच्या गोडगोड पद्धतीने पुन्हा वाजवणे आपल्याला असह्य झाले, असे कारण त्याने पुढे सांगितले. तेव्हा वय चाळिशीच्या उंबरठ्यावर आणि घरात चार मुले. ऐकणाऱ्याला वाटेल, एका सिंफनीपायी या माणसाने सतरा वर्षांची नोकरी झटक्यात सोडली. पण हिशेब पाहा. राजीनाम्याच्या दिवशी त्याच्या हाताशी सोळा वर्षे जुनी स्वतःची संस्था होती, ध्वनिमुद्रिका होत्या आणि बरोबरीने वाजवणारी पत्नी होती. पुढे तो कंडक्टर म्हणून जगभर गाजला. गुस्टाव लेओनहार्ट यांच्या जोडीने बाखच्या धार्मिक कँटाटांचे ध्वनिमुद्रण त्याने हाती घेतले, ते जवळजवळ वीस वर्षे चालले. २००१ आणि २००३ साली व्हिएन्नाचा नववर्षाचा प्रसिद्ध कार्यक्रम त्याने चालवला. मार्च २०१६ मध्ये तो वारला.

लोक त्याचे १९६९ साल सांगतात. आम्ही मात्र वाचकांना १९५३ ते १९६९ ही मधली वर्षे मोजायला सांगतो.

गोदी कामगाराचा मुलगा

दुसरी हकिगत आपल्या घरांना अधिक जवळची वाटेल. जेम्स गॉलवे हा बेलफास्टचा. बाप जहाजाच्या गोदीत रिव्हेट ठोकणारा कामगार. मुलगा लहानपणी बासरी शिकला, शाळा सुटल्यावर पियानो दुरुस्तीच्या कामावर उमेदवारी करू लागला. शिष्यवृत्तीवर लंडनला गेला. तेथल्या निरनिराळ्या वाद्यवृंदांतून वर चढत १९६९ साली बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख बासरीवादक झाला. कामगाराच्या मुलाला याहून वरची खुर्ची कोणती मिळणार?

सहा वर्षांनी, १९७५ साली, त्याने ती सोडली. हर्बर्ट फॉन कारायान हे त्या वेळचे मुख्य कंडक्टर, ते त्याला सोडायला तयार नव्हते. पण याला स्वतंत्र वादन करायचे होते. दोनच वर्षांनी, १९७७ साली, स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे मोटारसायकलची धडक बसून त्याचे दोन्ही पाय आणि हात मोडला. कित्येक महिने अंथरुणावर गेले. विचार करा, जो वाजवला तरच पैसा मिळवतो, त्याला असा अपघात म्हणजे काय! तो सावरला. १९७८ साली 'ॲनीज साँग' या गाण्याची त्याची बासरीवरची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये घरोघर वाजली आणि पुढे त्याला 'सर' हा किताबही मिळाला.

गोष्टीचा शेवट गोड आहे. पण आम्ही कारकून असल्यामुळे आमची नजर त्या कित्येक महिन्यांवरच अडते. गॉलवेचे नाव तेव्हा जगभर झाले होते. ज्याचे नाव झालेले नाही अशा वादकाचा पाय मोडला तर घरभाडे कोण देणार? हा प्रश्न राजीनाम्याच्या कागदावर लिहिलेला नसतो.

पडद्याआडची ॲबी

तिसरी हकिगत वाचून आम्हाला रात्री झोप लागली नाही. ॲबी कोनंट ही अमेरिकन तरुणी ट्राँबोन वाजवते. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकच्या प्रमुख ट्राँबोनच्या जागेसाठी तिने अर्ज केला. बोलावण्याच्या पत्रात तिला 'श्रीयुत' समजून लिहिले होते. तेहतीस उमेदवार होते. त्यांतला एक वाद्यवृंदाशी संबंध असलेल्या माणसाचा मुलगा, म्हणून वशिला चालू नये यासाठी पडदा लावला होता. ॲबीने वाजवले आणि परीक्षकांनी उरलेल्या उमेदवारांना घरी पाठवले. पडद्याआडून बाई बाहेर आली तेव्हा सारे अवाक् झाले.

नोकरी मिळाली, पण १९८२ साली तिला प्रमुख जागेवरून दुसऱ्या जागेवर उतरवण्यात आले. बाईला या वाद्याला लागणारी ताकद नाही, हे कारण. तिने न्यायालयाची पायरी चढली. आपली फुप्फुसे तपासून घेतली, ती सरासरीहून सरस निघाली. तज्ज्ञांपुढे पुन्हा वाजवून दाखवले. जागा परत मिळाली, तर पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. त्यासाठी पुन्हा लढाई. अशी एका दशकाहून अधिक काळ झुंज देऊन ती जिंकली आणि त्याच सुमारास वाद्यवृंद सोडून जर्मनीतल्याच ट्रॉसिंगेन येथील संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाली.

गुणवत्ता नाही म्हणून हिणवणे, सिद्ध केली तरी डावलणे, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते तिचे जाणे. ती हाकलली गेली नाही आणि कंटाळून पळालीही नाही. आधी हक्काची खुर्ची जिंकली, मग दुसरी चांगली जागा हाती आल्यावर ती खुर्ची आपल्या मर्जीने सोडली. अन्यायाला कंटाळून राजीनामा देण्याच्या विचारात कोणी असेल, तर त्याने ही हकिगत दोनदा वाचावी.

दुसरी बाजू

आता नाण्याची दुसरी बाजू. पक्की नोकरी खरोखर किती पक्की असते? अमेरिकेत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नामांकित संस्थेने २०११ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये वादकांना टाळेबंदी केली, ती २०१४ च्या प्रारंभी उठली. गिरणी कामगारांच्या घरांना टाळेबंदी या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. जर्मनीतही नभोवाणीचे दोन वाद्यवृंद २०१६ साली एकत्र करून टाकण्यात आले.

शरीराचाही हिशेब असतो. पितळी वाद्यांच्या पुढे बसणाऱ्यांच्या कानांवर मोठा मारा होतो. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हिओलावादकाची श्रवणशक्ती २०१२ सालच्या तालमीत कायमची बिघडली. न्यायालयाने २०१८ साली संस्थेला जबाबदार धरले. अशा वेळी नोकरी सोडण्याचा प्रश्न हौसेचा राहत नाही.

आणि बाहेरचे जग? आपल्या मुंबईतच पाहा. हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात एकेकाळी शेकडो व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे होते. त्यांत गोव्याचे पुष्कळ. काम असेल त्या दिवसाचा पैसा, निवृत्तिवेतन नाही. सिंथेसायझर आणि संगणक आले, एक माणूस कळफलकावर पन्नास व्हायोलिने काढू लागला आणि १९९० नंतर कित्येकांची वाद्ये पेटीतच राहिली. २०२० साली कोरोनात जगभरची सभागृहे बंद झाली, तेव्हा कार्यक्रमावर पोट असलेल्यांचे उत्पन्न एका दिवसात थांबले. युरोपात पुष्कळ पगारी वादक तगले. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वादकांना नोकरी असूनही कित्येक महिने बिनपगारी काढावे लागले. म्हणजे आत धोका आहे आणि बाहेरही आहे. फरक इतकाच, की आत तो बहुधा उशिरा येतो आणि तोवर संघटना सोबत असते.

या दोहोंच्या मधली एक वाटही आहे. एमान्युएल पाहू हा बासरीवादक बावीस-तेविसाव्या वर्षी, १९९३ साली, बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये लागला. २००० साली तो वाद्यवृंदातून बाजूला झाला, जिनिव्हात शिकवू लागला, स्वतंत्र कार्यक्रम करू लागला आणि २००२ साली परत आपल्या खुर्चीवर येऊन बसला. परत येण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र लोक काय म्हणतील, या भीतीने माणसे परतीचे दार स्वतःच्या हाताने लावून घेतात.

कागदावरचा हिशेब

पंधरा दिवसांनी तो तरुण आला. आम्ही त्याला या साऱ्या हकिगती सांगितल्या आणि एका कोऱ्या कागदावर पुढील प्रश्न लिहून दिले. वाचकांनीही ते उतरवून घ्यावेत.

१. नोकरीत काय नकोसे झाले आहे? काम, माणसे की तोचतोपणा? माणसे बदलतात, बदली होते. तोचतोपणा मात्र आपला आपण मोडावा लागतो.

२. गेल्या बारा महिन्यांत बाहेरच्या वादनातून आणि शिकवणीतून प्रत्यक्ष किती रुपये मिळाले असते? कोणी "बोलावतात" म्हणजे जमा नव्हे. हातात आलेली रक्कम म्हणजे जमा.

३. घरखर्च, कर्जाचा हप्ता, आईचे औषध, मुलांची फी मिळून महिन्याला किती लागतात? तेवढी किमान एका वर्षाची रक्कम बाजूला आहे काय?

४. नियम वाचले काय? सरकारी नोकरीत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा दिला की मागली सेवा सामान्यतः बुडते. बिनपगारी रजा मिळते काय, बाहेर शिकवण्यासाठी परवानगी मागता येते काय, हे आस्थापना शाखेत विचारावे. लाजू नये.

५. हार्नोंकूरची १९५३ ते १९६९ ही वर्षे तुझ्या आयुष्यात कोणती? ती सुरू तरी झाली आहेत काय?

६. घरातल्यांना तुझे वाजवणे ठाऊक आहे काय?

शेवटचा प्रश्न वाचून तो गप्प झाला. मग म्हणाला, "बाबांनी मला संचलनात पाहिलंय. एकट्याला वाजवताना कधी ऐकलं नाही. घरात जागा कुठाय? मी सरावाला गच्चीवर जातो."

आम्ही म्हटले, "मग राजीनामा नंतर. आधी बाबांना ऐकव."

पुढच्या रविवारी त्याने आम्हालाही बोलावले. दहा बाय बाराची खोली. आई ओट्यापाशी, वडील खाटेवर भिंतीला टेकून, धाकटी बहीण दारात. त्याने क्लॅरिनेट जोडले आणि अर्धा तास वाजवले. काय वाजवले ते आम्हाला नीट सांगता येणार नाही. सूर कळत नाहीत हे आधीच कबूल केले आहे. पण चाळीतली दारे एकेक करून उघडली आणि कोणीतरी आपला टीव्ही बंद केला, एवढे आम्ही पाहिले. वाजवून झाल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तिथं वाजवायला देत नाहीत का?" तो म्हणाला, "नाही बाबा." वडील म्हणाले, "मग रजा मिळते का ते विचार. तुझे काका सांगतात तसं. एकदम सोडू नको. पण रोज गच्चीवर जाऊ नको, इथंच वाजव."

राजीनाम्याचा कागद आज त्याच्या ट्रंकेत आहे. फाडलेला नाही आणि दिलेलाही नाही. त्याने शिकवण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला आहे, शनिवार-रविवारसाठी तीन विद्यार्थी ठरवून ठेवले आहेत आणि बँकेत वेगळे खाते उघडले आहे. दोन वर्षांनी त्या खात्यात काय आहे ते पाहून पुढचे ठरवायचे, असे बापलेकांनी मिळून ठरवले आहे. हे उत्तर सर्वांना लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. बिल्झेच्या वादकांनी दोन वर्षे थांबायला नको होते, ॲबीने इतकी वर्षे लढायलाच हवे होते. ज्याचा त्याचा हिशेब वेगळा.

मात्र आईबापांना आमची एक विनंती आहे. आपल्या पिढीने पक्की नोकरी फार कष्टाने मिळवली आहे, म्हणून ती सोडण्याची भाषा ऐकली की काळजात धस्स होते. ते साहजिकच आहे. पण मुलाने वा मुलीने तो विषय काढला तर ताट सारू नका. आधी त्याचे वाजवणे ऐका. आणि मुलांनो, राजीनामा लिहिण्याआधी वही काढा, दोन रकाने आखा आणि जमेच्या बाजूला खरा आकडा लिहा.